जुना क्रीडा हॉल आणि मैदान नव्यानं करायचं आहे? इंदूरच्या मंडळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा जुन्या वस्त्यांतल्या मंडळांकडे साधारण एकसारखी मालमत्ता असते. सिमेंटच्या चद्दरींचा एक हॉल, मागे खो-खो-कबड्डीचं मातीचं मैदान, कोपऱ्यात मल्लखांब आणि दर पावसाळ्यात जागा बदलून गळणारं छत. खालची उत्तरं अशीच जागा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. हिशेबासाठी हॉल ३० × १८ मीटर धरला आहे. तुमची मापं वेगळी असतील तर आकडे त्या प्रमाणात बदला.

सुरुवात फ्लोअरिंगवाल्याला बोलावून केली तर चालेल का?

नाही. बहुतेक मंडळं नेमकी तिथेच चुकतात. देणगीदाराला चकचकीत लाकडी फ्लोअर दाखवता येतो, गटार दाखवता येत नाही, म्हणून पैसा आधी फ्लोअरवर जातो. दोन पावसाळ्यांत छताचं पाणी फळ्यांखाली शिरतं, फळ्या कमानीसारख्या उचलतात आणि पुन्हा वर्गणी काढायची वेळ येते.

क्रम असा ठेवा: छत, मग इमारतीभोवतालच्या पाण्याचा निचरा, मग पाया आणि खालचा कोबा, मग वीज, मग रंग, आणि शेवटी खेळाचा पृष्ठभाग. पैसे कमी पडले तर यादी शेवटाकडून कापायची. फ्लोअर वर्षभर थांबू शकतो.

पाहणी कधी आणि कशी करायची?

जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस पडत असताना. मार्चमध्ये केलेली पाहणी अर्धी आंधळी असते. पहिली फेरी तुम्हीच करा. हॉलचा नकाशा कागदावर काढा, दर दोन मीटरवर चौकट आखा आणि जिथे पाणी टपकतं, ओल चढते, पोपडे निघतात, तिथे तारखेसह खूण करा. तीन-चार मोठ्या पावसांनंतर कागद आपोआप बोलू लागतो.

दुसरी फेरी स्ट्रक्चरल इंजिनिअरची. त्याला या जागा दाखवाच:

- ट्रसचं (छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीचं) टोक जिथे भिंतीवर किंवा कॉलमवर बसतं ती जागा. तिथे कबुतरांची घाण आणि धूळ साठून ओल धरते आणि लोखंड आतून खाल्लं जातं. वरून रंग शाबूत दिसतो. हातोडीनं ठोकलं की पापुद्रे गळतात.
- कॉलमचा जमिनीपासूनचा पहिला फूटभर भाग. सळीच्या दिशेनं उभी चीर असेल तर सळी गंजून फुगली आहे असं समजा.
- काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग. त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. रंग आलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत काँक्रीटनं सळीचं रक्षण करण्याची ताकद गमावली आहे.
- भिंतीतल्या तिरक्या चिरा. चिरेवर प्लास्टरची पातळ पट्टी लावून तारीख लिहा. मे महिन्यात उघडणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी चीर म्हणजे जमिनीची हालचाल. तिथे पुट्टी भरणं म्हणजे पैसे भिंतीत गाडणं.

काँक्रीट न फोडता ते तपासणाऱ्या रीबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्या शहरातल्या एसजीएसआयटीएससारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडून करून घेता येतात का ते आधी विचारा. अहवाल लेखी हवा. तोंडी ‘सब ठीक है’ निविदेच्या वेळी कामाला येत नाही.

त्यापेक्षा पाडून नवीनच बांधलं तर?

पाया सरकत असेल किंवा बहुतेक कॉलम गेले असतील तर पाडणंच स्वस्त पडतं. पण एक गोष्ट आधी तपासा. नवीन इमारतीला मध्यप्रदेश भूमि विकास नियम, २०१२ प्रमाणे चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. जुनी बांधकामं बऱ्याचदा हद्दीला टेकून उभी असतात. म्हणजे पाडल्यावर त्याच प्लॉटवर तेवढाच हॉल उभा राहील असं नाही. दोन मीटर रुंदी गेली की बॅडमिंटन कोर्टामागची मोकळी जागाच आकसते. वास्तुविशारदाकडून हा एक नकाशा आधी काढून घ्या. पुष्कळ वाद तिथेच संपतात.

काळ्या मातीचा एवढा बाऊ का करतात?

कारण माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उघड्या रानात मे महिन्यात बोट जाईल अशा भेगा पडतात. तीच माती तुमच्या कोब्याखाली आहे. फुगताना ती हलका कोबा उचलते, भारी भिंत उचलू शकत नाही, म्हणून चीर नेमकी भिंतीला समांतर, फूट-दीड फुटावर पडते.

माती किती फुगरी आहे हे एका स्वस्त चाचणीतून कळतं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन मापनळ्यांत घेतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओततात आणि २४ तासांनी आकारमान वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याहून किती टक्के जास्त आहे तो फुगाऱ्याचा आकडा. ५० टक्क्यांच्या वर गेला तर सावध. ही चाचणी भारतीय मानक २७२० च्या भाग ४० मध्ये दिली आहे. नमुना एकाच खड्ड्यातून नको. निदान तीन ठिकाणी, दीड मीटरपर्यंत खणून घ्या.

उपाय साधे आहेत, पण ते पूर्ण करावे लागतात:

हॉलचा कोबा नवीन करणार असाल तर काळी माती ६० ते ९० सेंटिमीटर खणून काढा आणि जागी न फुगणारा, चिकटसर मुरूम भरा. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर योग्य ओलीवर दाबून, प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेतल्या चाचणीत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) निदान ९५ टक्के. नुसती वाळू भरू नका. वाळूतून पाणी सरळ खालच्या काळ्या मातीपर्यंत पोचतं आणि खड्ड्याची बादली होते. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर फुगारा कसा रोखतो यावर आयआयटी मुंबईत डॉ. कट्टी यांनी केलेलं काम इंजिनिअर मंडळींना ठाऊक असतं. ‘सीएनएस थर’ म्हटलं की त्यांना कळेल.

कोबा भिंतीला चिकटवून ओतू नका. मध्ये १२ ते २० मिलिमीटरची फट ठेवून ती लवचीक भरावानं भरा.

इमारतीभोवती बाहेरून किमान एक ते दीड मीटर रुंद फरशीचा पट्टा करा, उतार बाहेरच्या दिशेनं. हे काम दिसायला क्षुल्लक. भिंतीलगतच्या मातीची ओल वर्षभर सारखी राहिली की निम्मी हालचाल थांबते.

मोठी झाडं भिंतीपासून साधारण त्यांच्या उंचीएवढ्या अंतरावर असावीत. पिंपळ, कडुनिंब माती एका बाजूनं सुकवतात. मात्र जुनं मोठं झाड एका दिवसात तोडूही नका. ते गेल्यावर सुकलेली माती पाणी पिऊन फुगते आणि उलटी चीर पडते. शिवाय झाड तोडायला परवानगी लागते.

सिमेंटच्या चद्दरी ठेवाव्यात की काढाव्यात?

जुन्या सिमेंट चद्दरींत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. चद्दर अखंड आणि रंगवलेली असेल तर लगेच धोका नाही. ती फुटते, कापली जाते किंवा घासली जाते तेव्हा तंतू हवेत सुटतात. मुलं खाली रोज धावणार असतील तर बदलणं बरं, पण रीतीनं.

काढताना चद्दर आधी पाण्यात थोडं साबण मिसळून भिजवायची. हुक-बोल्ट बोल्टकटरनं तोडायचे, ग्राइंडर लावायचा नाही. चद्दर हातोहात खाली उतरवायची, वरून टाकायची नाही. कामगारांना कापडी रुमाल नव्हे, सूक्ष्म कणांसाठीचे मास्क द्या. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा. कोरडा झाडू मारू नका. हा माल नेहमीच्या राडारोड्यात जात नाही. पीथमपूरला धोकादायक कचऱ्याचं केंद्र आहे. पाठवण्याची रीत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारून घ्या. भंगारवाला ‘मैं ले जाऊँगा’ म्हणेल, त्याला देऊ नका. ती चद्दर दुसऱ्या कुणाच्या घरावर चढते.

सगळ्यात मोठा अपघात मात्र वेगळाच असतो: जुनी चद्दर माणसाच्या वजनानं फुटते आणि तो थेट खाली येतो. फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचं, पट्टा बांधायचा, खाली जाळी लावायची. ही अट निविदेत लिहा, नाहीतर ठेकेदार मानणार नाही.

पत्रा हलका असतो, म्हणजे ट्रसला आरामच ना?

वजनाला आराम, वाऱ्याला नाही. सिमेंट चद्दर प्रति चौरस मीटर साधारण १५ किलो, अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा साधारण ५ किलो. ५४० चौरस मीटरच्या छतावरचं सुमारे साडेपाच टन वजन कमी होतं. पण मे-जूनच्या वावटळीत हेच वजन छताला खाली धरून ठेवत होतं. म्हणून पत्रा बदलताना ट्रसचे पायाबोल्ट, पर्लिनची (ट्रसवरच्या, पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांची) बांधणी आणि कडेचे स्क्रू वाऱ्याच्या उचलीसाठी इंजिनिअरकडून नव्यानं तपासून घ्या. कोपरे आणि वळचण इथे उचल सर्वांत जास्त. तिथे स्क्रू जवळजवळ.

पत्र्याखाली इन्सुलेशन घाला. उन्हाळ्यासाठी तर हवंच, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ते कोर्टावर टपकतं. ‘नवीन छत गळतंय’ अशा हिवाळ्यातल्या तक्रारी बहुतेक दवाच्याच असतात.

पन्हळींचा हिशेब करा. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर ५४० चौरस मीटरवरून ताशी ५४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १५ लिटर पाणी येतं. दोन टोकांना दोन बारीक नळ्या लावल्या की पन्हळ आतल्या बाजूला ओसंडणार, हे ठरलेलं. वर्षाचा पाऊस साधारण ९५० मिलिमीटर आणि त्यातला ८० टक्के हाती आला असं धरलं तरी चार लाख लिटरच्या वर पाणी होतं. ते बोअरला पुनर्भरणासाठी द्या, पण पुनर्भरणाचा खड्डा भिंतीपासून लांब ठेवा. काळी माती आठवते ना.

३० × १८ मीटरच्या हॉलमध्ये काय काय बसेल?

बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० × ६.१० मीटर. कोर्ट आडवी टाकली तर मागे दोन्हीकडे २.३ मीटर मिळतात. तीन कोर्टं आणि दोन-दोन मीटरच्या मोकळ्या पट्ट्या मिळून २६.३ मीटर होतात. उरलेल्या जागेत बाकं आणि सामानाचं कपाट. चौथं कोर्ट कागदावर बसतं, पण मग मधली पट्टी फक्त १.१ मीटर राहते आणि शेजारच्या कोर्टातल्या रॅकेटचा फटका बसतो. भाड्याच्या मोहानं चौथं कोर्ट आखू नका.

व्हॉलीबॉल १८ × ९ मीटर, भोवती तीन-तीन मीटर, म्हणजे २४ × १५. आरामात बसतं. छताखाली सात मीटर मोकळी उंची हवी.

कबड्डी पुरुषांसाठी १३ × १०, महिलांसाठी १२ × ८. बसतं.

बास्केटबॉल २८ × १५, भोवती दोन-दोन मीटर धरले तर ३२ × १९. बसत नाही. ‘थोडं लहान करून’ आखलेल्या कोर्टावर खेळाडू भिंतीवर जाऊन आदळतो. बास्केटबॉल बाहेर न्या.

खो-खो २७ × १६. आखता येतं, पण बाजूला एकेकच मीटर उरतो आणि सूर मारणारा खेळाडू कुठे थांबणार? सरावाला चालेल, सामन्याला नाही.

उंचीचं माप ट्रसच्या खालच्या पट्टीपर्यंत घ्या, छतापर्यंत नाही. क्लबच्या बॅडमिंटनला नऊ मीटर सुखाचे, आंतरराष्ट्रीय स्पर्धांना बारा. जुन्या हॉलमध्ये सहा-सात मिळतात. मग तो सरावाचा हॉल आहे हे मान्य करा आणि स्पर्धेच्या नावानं खर्च वाढवू नका. टेबल टेनिस वाढवायचं असेल तर शहरातलं अभय प्रशाल हे इनडोअर स्टेडियम एकदा डोळसपणे पाहून या: प्रकाश, पडदे आणि टेबलांमधलं अंतर यांकडे लक्ष द्या.

लाकडी फ्लोअर, व्हिनाइल की मॅट?

तुमच्या छताचा आणि कोब्याचा भरवसा किती, त्यावर ठरतं.

लाकडी फ्लोअर म्हणजे नुसत्या फळ्या नव्हेत. खालून वर असा क्रम असतो: कोबा, त्यावर जाड पॉलिथीनचा पडदा जोडाला १५ सेंटिमीटर चढवून, त्यावर रबराचे पॅड, मग पट्ट्या, १२ मिलिमीटर प्लायवुड, आणि वर २० ते २२ मिलिमीटरची कठीण लाकडाची फळी. एकूण जाडी साडेसात ते दहा सेंटिमीटर होते. म्हणजे दरवाजे खालून कापावे लागतात, उंबऱ्याशी उतार करावा लागतो आणि व्हॉलीबॉलच्या खांबांचे खोबण आधीच बसवावे लागतात. हे तिन्ही खर्च कोटेशनमध्ये नसतात. विचारून लिहून घ्या.

निविदेत ‘स्पोर्ट्स फ्लोअर’ एवढंच लिहू नका. ईएन १४९०४ या युरोपीय मानकाप्रमाणे धक्का शोषण्याचं प्रमाण २५ ते ७५ टक्क्यांत हवं, चेंडूची उसळी निदान ९० टक्के आणि घर्षणाचा आकडा ८० ते ११० मध्ये. पुरवठादाराकडून त्याच मालाचा चाचणी अहवाल मागा, त्याच्यासारख्या दुसऱ्या मॉडेलचा नाही.

इंदूरची आणखी एक मेख. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते, ऑगस्टमध्ये ओलीगच्च. मेमध्ये घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात फुगून उचलते; ऑगस्टमध्ये बसवलेली मेमध्ये फटी दाखवते. बसवायला ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. फळ्या हॉलमध्ये निदान आठवडा-दोन आठवडे उघड्या ठेवा, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत आहे का ते मापकानं पाहा आणि भिंतीकडेनं २५ ते ५० मिलिमीटरची फट सोडा. सुतार ती ‘खराब दिसते’ म्हणून भरून टाकतात. भरू देऊ नका, वरून स्कर्टिंग लावा. पाया आणि भिंतीच्या सांध्यात वाळवीचं औषधही आधीच मारून घ्या.

व्हिनाइल ६ ते ८ मिलिमीटरचं, कोब्यावर थेट चिकटतं. त्याला सपाटी लागते: तीन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट नको. ओल त्यालाही चालत नाही. गोंद सुटतो आणि फुगे येतात.

कबड्डीची जोडणीची मॅट सर्वांत भरवशाची. ओली झाली तर उचलून वाळवता येते आणि हॉल लग्नाला द्यायचा असेल तर सुटी करून रचूनही ठेवता येते. लाकडी फ्लोअरवर लग्नाच्या पंगती बसवणार असाल, तर लाकडी फ्लोअर करूच नका.

कोब्यात ओल आहे हे घरच्या घरी कसं कळेल?

साधारण दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवा आणि चारी कडा चिकटपट्टीनं हवाबंद करा. निदान १६ तास, म्हणजे एक रात्र, तसंच राहू द्या. उचलल्यावर प्लास्टिकखाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर ओल आहे. हे पाच-सहा ठिकाणी करा, भिंतीजवळ नक्की. नवीन कोबा २८ दिवसांत ताकद घेतो, पण सुकायला त्याहून बराच वेळ लागतो. हे दोन निराळे हिशेब आहेत. ठेकेदार ते एकत्र करतो.

मल्लखांबाचं काय करायचं?

नूतनीकरणात तो सगळ्यात आधी विसरला जातो, आणि तेही अशा राज्यात जिथे २०१३ पासून मल्लखांब राज्य खेळ आहे.

पुरलेला सागवानी किंवा शिसवी खांब नेमका जमिनीच्या पातळीवर कुजतो. भोवतालची माती फूटभर बाजूला करून स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर खांब बदला, वरचा भाग कितीही गुळगुळीत असो. खांब थेट काँक्रीटमध्ये ओतू नका. पाणी धरून दोन-चार वर्षांत कुजतो. खड्ड्यात खडीचा तळ, त्यावर लोखंडी किंवा काँक्रीटची नळी, त्यात खांब आणि पाचरी. बदलायलाही सोपं.

एरंडेल तेलाचे थेंब पडणारच. म्हणून मल्लखांबाचा कोपरा लाकडी फ्लोअरपासून वेगळा ठेवा आणि वेगळ्या गाद्या द्या. तेल लागलेले तळवे घेऊन मूल बॅडमिंटन कोर्टावर गेलं की घसरतं.

दोराच्या मल्लखांबाची टांगणी पर्लिनला कधीही बांधू नका. झोका आणि झेप यांचा झटका मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. ट्रसच्या सांध्यावर, इंजिनिअरनं ठरवलेल्या जागी, बंद कडी आणि शॅकल. उघडा हुक नको. दोर ज्या जागी वळतो तिथे महिन्यातून एकदा बोटांनी चाचपा.

बाहेरच्या सिंथेटिक कोर्टावर पाणी साचतं. वरून रंग दिला तर भागेल?

भागणार नाही. अ‍ॅक्रिलिकचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. खड्डा खाली डांबरात किंवा काँक्रीटमध्ये आहे.

कोर्टाला एकाच दिशेनं सुमारे एक टक्का उतार हवा. १८ मीटर रुंदीला १८ सेंटिमीटर. मधून दोन्हीकडे उतरणारा, कौलासारखा उतार देऊ नका. कोर्ट पाण्यानं भिजवा, तासाभरानं पाहा. जिथे दोन मिलिमीटरहून खोल पाणी उरतं त्या जागा खडूनं आखा आणि आधी पॅचनं भरा, मगच रंग.

नवीन डांबराला निदान दोन आठवडे, शक्यतो चार, मोकळं राहू द्या. काँक्रीटला २८ दिवस. मेच्या दुपारी पृष्ठभाग इतका तापतो की थर पसरायच्या आत वाळतो आणि ब्रशचे पट्टे उमटतात. सकाळी लवकर काम उरका, किंवा सरळ नोव्हेंबर-फेब्रुवारीत करा. कोर्टाभोवती उघडी नाली विसरू नका. नाली नसेल तर काळी माती एका बाजूनं कोर्ट उचलते आणि लांबच लांब चीर पडते.

मातीचं मैदान तसंच ठेवावं का?

जरूर ठेवा. खो-खो आणि कबड्डीच्या रोजच्या सरावाला चांगली माती गुडघ्यांना सुखाची. वरचा १० ते १५ सेंटिमीटर थर खणून चाळा, काचा-खिळे काढा, काळी माती दिसली तर बाहेर टाका आणि पिवळसर किंवा तांबडी बारीक माती व थोडी वाळू मिसळून भरा. प्रमाण आधी दोन मीटरच्या तुकड्यावर करून बघा: पाणी मारून, हातरोलर फिरवून, सुकल्यावर टाच मारली की खळगा नको आणि धूळही नको. मैदानाला मधून कडेला अगदी सौम्य उतार द्या. खो-खोचे खांब पाया सोडून हलतात का ते दर मोसमाला पाहा.

दिवे किती लावायचे?

सरावाला ३०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, म्हणजे प्रकाशाचं माप), क्लब सामन्यांना ५००, मोठ्या स्पर्धांना ७५०. ५०० धरून हिशेब: ५४० × ५०० = २,७०,००० ल्युमेन. भिंती-छत शोषतात आणि दिवे मळतात, म्हणून ०.४८ नं भागा. सुमारे ५,६२,५०० ल्युमेन. वॅटला १२० ल्युमेन देणारा २०० वॅटचा दिवा २४,००० ल्युमेन देतो, म्हणून २४ दिवे, एकूण ४.८ किलोवॅट.

आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. दिवे कोर्टाच्या बरोबर वर नकोत. शटल पाहायला मान वर केली की डोळे दिपतात. कोर्टांच्या मधल्या पट्ट्यांवर, लांबीच्या दिशेनं ओळी लावा. कोर्टामागच्या भिंती गडद हिरव्या किंवा निळ्या, चमक नसलेल्या. पांढऱ्या भिंतीवर पांढरं शटल दिसत नाही. छतात पारदर्शक पत्रे घालायची हौस असेल तर कोर्टावर नको, कडेच्या मार्गिकेवर.

जुनं वायरिंग पूर्ण काढा. दिवे, पंखे आणि प्लग यांची सर्किटं वेगळी, प्लगांवर ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच (विजेची गळती होताच वीज तोडणारा). अर्थिंगचा रोध मोजून लिहून घ्या.

स्वच्छतागृह आणि रॅम्पची सक्ती आहे का?

दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ पासून सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम असणं अपेक्षित आहे. रॅम्प १:१२, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर लांब. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. मुलींसाठी कपडे बदलायची खोली वेगळी, आतून कडी असलेली. ती नसली की तेरा-चौदा वर्षांच्या मुली हळूहळू यायच्या बंद होतात आणि कारण कुणी सांगत नाही.

परवानग्या कोणत्या?

रंग, फ्लोअर, पत्राबदल ही दुरुस्ती. पण खांब-तुळई, उंची किंवा क्षेत्रफळ बदलत असेल तर नगर निगमची बांधकाम परवानगी. तुमचं काम यांपैकी कशात बसतं ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर मध्यप्रदेश लोकन्यास कायदा १९५१, सोसायटी असेल तर १९७३ चा नोंदणी कायदा. खर्चाचा ठराव त्याप्रमाणे कार्यकारिणीत आणि सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. हॉल अकादमीला लांब मुदतीनं देऊन पैसे उभे करायचे असतील तर न्यासाला आधी रजिस्ट्रारची परवानगी लागू शकते. करार आधी आणि परवानगी नंतर, असं करू नका.

राडारोडा रस्त्याकडेला टाकायचं हे शहर नाही. गाडीचा खर्च आणि नगर निगमच्या केंद्राचं शुल्क अंदाजपत्रकातच धरा.

अंदाजपत्रक कसं करायचं?

‘चौरस फुटाला इतके’ असा ठोक दर घेऊ नका. प्रत्येक कामाचं परिमाण मोजून यादी करा, दर लोक निर्माण विभागाच्या दरसूचीशी ताडा, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि १० ते १५ टक्के राखीव ठेवा. जुन्या इमारतीत राखीव रक्कम हमखास खर्च होते. उघडल्याशिवाय ट्रसचा पाय दिसत नाही.

आगाऊ रक्कम कमी, हप्ते मोजलेल्या कामावर. पाच टक्के रक्कम बारा महिने अडकवून ठेवा आणि त्या बारा महिन्यांत एक पूर्ण पावसाळा येईल असं पाहा.

काम एका वर्षात होईल?

लाकडी फ्लोअर सोडून होईल, पण तंग आहे. जुलै-ऑगस्ट पाहणी आणि मातीच्या चाचण्या, सप्टेंबर निविदा, ऑक्टोबर-नोव्हेंबर छत, डिसेंबर-जानेवारी भराव आणि कोबा. क्युरिंगला पाणी लागतं आणि नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा बोअर किंवा टँकर आधी ठरवा. फेब्रुवारी-मार्च वीज, रंग आणि बाहेरचं कोर्ट. मग छताला एक पावसाळा दाखवा आणि लाकडी फ्लोअर पुढच्या ऑक्टोबरात. तोवर कोब्यावर कबड्डीच्या मॅट टाकून हॉल चालवता येतो.

काम चालू असताना मुलांना त्याच आवारात खेळू देऊ नका. शेजारच्या शाळेचं मैदान सकाळच्या दोन तासांसाठी मागा.

झाल्यावर देखभाल कोण करणार?

नाव ठरवा, समिती नको. एका माणसाच्या वहीत एवढंच: जूनच्या पहिल्या आठवड्यात पन्हळी साफ, नाली उघडी, छताचे सैल स्क्रू घट्ट, दिवाळीनंतर दिवे पुसणं आणि फ्लोअरवर पट्टी ठेवून फटी मोजणं, दर महिन्याला दोर, गाद्या, गळती-रोधक स्विचचं टेस्ट बटण. ओल्या फडक्यानं लाकडी फ्लोअर पुसायचा नाही, हे सफाईवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी दाखवून द्या.